पुढच्यास ठेच, मागचा शहाणा: लिनक्सची स्थिर आवृत्ती घ्यावी की ताजी?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला लागणारी सुरक्षा-चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेले कितीतरी धडधाकट संगणक त्या दिवशी वाऱ्यावर आले. तेव्हापासून ओळखीतल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला आहे: "लिनक्स टाकू का?" याचं उत्तर सोपं आहे, टाका. पंचाईत होते ती पुढच्या पायरीवर. डाउनलोडच्या पानावर एक बटण असेल अशा समजुतीने माणूस जातो आणि स्टेबल, टेस्टिंग, अनस्टेबल, एलटीएस, रोलिंग अशा पाट्या वाचून परत येतो. सगळंच फुकट असल्यामुळे 'महागातलं ते चांगलं' हा नेहमीचा आडाखाही इथे कामाचा नाही.

मग दोन तऱ्हांनी फसगत होते. कुणी 'ताजं तेच उत्तम' म्हणून सगळ्यांत नवी आवृत्ती उचलतो, कारण फोनने त्याला तीच सवय लावलेली असते. कुणी 'स्टेबल' हा शब्द वाचून निर्धास्त होतो; ही म्हणे कधी अडकायची नाही. दोघांनीही शब्दाचा रोजच्या व्यवहारातला अर्थ धरला. इथे तो अर्थ लागू नाही, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी हे बघू, डिस्ट्रो करतो काय?

लिनक्स हे नाव खरं तर फक्त कर्नलचं. कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला कारभारी. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये तो लिहायला घेतला. पण नुसत्या कर्नलवर कुणाचं काम भागत नाही. पडद्यावर खिडक्या काढणारा भाग, ब्राउझर, छपाईची यंत्रणा, फॉन्ट, फाइली दाबून लहान करणारी साधनं, हे सगळं जगभर विखुरलेली माणसं आपापल्या सवडीने लिहीत असतात. अशा एकेका सुट्या तुकड्याला पॅकेज म्हणतात. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये जवळपास सत्तर हजार पॅकेजेस आहेत. ती गोळा करायची, एकमेकांशी पटतात का ते बघायचं आणि एकत्र बांधून आपल्या हाती द्यायची, हे ज्या प्रकल्पाचं काम, तो डिस्ट्रो. डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च, ओपनसुसे ही त्यांतली ठळक नावं.

एखाद्या अवाढव्य कोशाचा संपादक डोळ्यांसमोर आणा. नोंदी लिहिणारे हजारो लेखक, आणि प्रत्येक जण आपली नोंद सतत सुधारतोय. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते, फायरफॉक्सची चार आठवड्यांनी, गनोम या डेस्कटॉपची सहा महिन्यांनी. कुणाचं वेळापत्रक कुणाशी जुळत नाही. मग संपादकाने छापायचं कधी?

एक मार्ग असा की एक दिवस ठरवून सगळ्या लेखकांना थांबवायचं. हातात असलेला मजकूर महिनोन्महिने तपासायचा, छापायचा, आणि पुढची आवृत्ती निघेपर्यंत त्याला फक्त शुद्धिपत्रं जोडत राहायचं. दुसरा मार्ग म्हणजे कोश बांधायचाच नाही. सुट्या पानांची फाइल ठेवायची, नवं पान आलं की जुनं काढून ते तिथे लावायचं. पहिला मार्ग डेबियनच्या स्टेबलचा आणि उबुंटूचा. दुसऱ्याला रोलिंग म्हणतात. आर्च आणि ओपनसुसेचा टंबलवीड त्या पंथातले. रोलिंगवाल्याला 'तुझी आवृत्ती कितवी?' असं विचारण्यात अर्थ नाही. 'शेवटचा अपडेट कधी केलास?' हे विचारायचं.

स्टेबल म्हणजे न पडणारं?

रात्री दिवे गेले तरी आपण स्वतःच्या घरात बिनदिक्कत चालतो. टेबल कुठे आहे, उंबरा कुठे आहे, हे पायांना पाठ असतं. टेबलाचा एक पाय कदाचित डुगडुगत असेल, पण तो डुगडुगतो हेही आपल्याला माहीत असतं. आता कुणी न सांगता ते टेबल हलवलं, अगदी चांगल्या हेतूने, त्याच्या जागी नवंकोरं मजबूत टेबल दोन हात पलीकडे ठेवलं, तरी अंधारात गुडघा फुटणार तो फुटणारच.

स्टेबल म्हणजे टेबल न हलवण्याचं वचन. टेबल डुगडुगणार नाही असं वचन त्यात नाही.

ज्याने रात्री आपोआप चालणारी पाच-पन्नास कामं लावून ठेवली आहेत, त्याला या वचनाचं मोल कळतं. एखाद्या प्रोग्रामने सेटिंगचं नुसतं नाव बदललं तरी त्याची सकाळ वाया जाते. स्टेबलमध्ये तसं होत नाही. पण वचनाची दुसरी बाजूही आहे: सुरक्षेशी संबंध नसलेला एखादा चिवट, त्रासदायक दोष स्टेबलमध्ये दोन-दोन वर्षं तसाच राहू शकतो. मूळ लेखकाने तो केव्हाच दुरुस्त केलेला असतो आणि डेबियनवाले मात्र तोच दोष त्याला पुन्हा कळवत राहतात. २०१६मध्ये एक्सस्क्रीनसेव्हरचे लेखक जेमी झविन्स्की यांचा याच कारणावरून डेबियनशी जाहीर खटका उडाला होता. त्यांच्या प्रोग्राममध्ये 'ही आवृत्ती फार जुनी आहे' असा इशारा होता, आणि डेबियनच्या स्टेबलवर तो लोकांच्या पडद्यावर झळकू लागला. बाजू दोन्हींची बरोबर होती. लेखकाला जुन्या तक्रारी नको होत्या आणि डेबियनला टेबल हलवायचं नव्हतं.

शब्दाची याहून मोठी गंमत फ्रीबीएसडीमध्ये आहे. ही लिनक्सचं चुलत भावंड म्हणावं अशी दुसरी मुक्त स्रोत प्रणाली, म्हणजे जिचा कोड कुणालाही घेता येतो अशी. तिथे तीन नावं आहेत: रिलीज, स्टेबल आणि करंट. करंट म्हणजे रोजचं ताजं काम. आणि स्टेबल? तीही काम चालू असलेली शाखाच. तिच्यातलं 'स्टेबल' एवढंच सांगतं की वर चालणाऱ्या प्रोग्रामशी केलेला करार मोडला जाणार नाही. कामाच्या यंत्रावर टाकायची ती रिलीज. केवळ नाव बघून स्टेबल उचलणाऱ्याला तिथे नेमकं नको ते मिळतं.

डेबियनची गाळणी

१९९३पासून चालू असलेल्या डेबियनची पद्धत समजली की बाकीच्यांची बरीचशी समजते. नवं पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं. डेबियन आपल्या आवृत्त्यांना खेळण्यांवरच्या एका गाजलेल्या ॲनिमेशनपटातल्या पात्रांची नावं देतं, आणि अनस्टेबलचं कायमचं नाव आहे सिड, म्हणजे त्यातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. इशारा पुरेसा स्पष्ट आहे.

सिडमध्ये पॅकेज काही दिवस पडून राहतं. किती निकडीचं आहे त्यावर दोन, पाच किंवा दहा दिवस. त्या काळात गंभीर दोष निघाला नाही आणि ज्यांच्यावर ते अवलंबून आहे ती पॅकेजेसही तयार असली, तर ते टेस्टिंगमध्ये सरकतं. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात. आधी मोठे बदल बंद, मग छोटे बंद, शेवटी फक्त दुरुस्त्या. गंभीर दोषांची यादी आटोक्यात आली की तीच टेस्टिंग नवी स्टेबल होते. डेबियनची १२वी आवृत्ती जून २०२३मध्ये आली, १३वी ऑगस्ट २०२५मध्ये.

इथे बहुतेकांना एक हुशार युक्ती सुचते. मलाही सुचली होती. सिड फार ताजी, स्टेबल फार शिळी, मग मधली टेस्टिंग घ्यावी! ती गाळून आलेली असते आणि तरी नवी असते. पण या मधल्या वाटेत एक खड्डा आहे. सुरक्षेची दुरुस्ती स्टेबलला वेगळ्या दाराने थेट मिळते. सिडला ती मूळ लेखकाच्या नव्या आवृत्तीबरोबर लगेच मिळते. टेस्टिंगला मात्र ती बहुधा सिडमधून गाळणीतूनच यावी लागते, आणि वाटेत दुसरं एखादं पॅकेज आडवं आलं तर अडकून पडते. म्हणजे चांगल्या गोष्टींबरोबर तातडीच्या गोष्टीही टेस्टिंगला उशिरा पोचतात. पुढची आवृत्ती घडवायला मदत करायची असेल तर टेस्टिंग जरूर वापरा. नुसता सुवर्णमध्य म्हणून नको.

पण जुनं म्हणजे भोकं पडलेलंच ना?

सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप हाच. नव्या आवृत्तीत सुरक्षेची छिद्रं बुजवलेली असतात, मग जुनी का बाळगायची?

याचं उत्तर शुद्धिपत्रात आहे. मूळ लेखकाने नव्या आवृत्तीत छिद्र बुजवलं की डिस्ट्रोची माणसं नेमकी तेवढीच दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीत बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. बाकी मजकूर जिथल्या तिथे राहतो. त्यामुळे पॅकेजचा मुख्य क्रमांक जुनाच दिसतो आणि शेपटीला 'डेब१२यू१' असं काहीतरी लागतं. ती शेपटी म्हणजे जोडलेलं शुद्धिपत्र. नुसता मुख्य क्रमांक बघून 'तुमची सिस्टीम असुरक्षित आहे' असं ओरडणारी तपासणी-साधनं खूप आहेत. त्यांच्या अहवालावर घाबरून जाण्याआधी शेपटी वाचावी.

शिवाय छिद्रं काही फक्त जुन्यातच असतात असं नाही. २०१४च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाचा दोष उघडकीला आला आणि इंटरनेटवरच्या कुलपांचा मोठा भार वाहणाऱ्या ओपनएसएसएलची अब्रू गेली. हा दोष २०१२च्या मार्चमध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीबरोबर शिरला होता. त्याआधीच्या ०.९.८ मालिकेत तो कोडच नव्हता. म्हणून तेव्हाची ताजी स्टेबल, डेबियन ७, सापडली आणि तिच्या आधीची, जिला लोक म्हातारी म्हणत होते ती डेबियन ६, सहीसलामत सुटली.

एवढ्यावर 'जुनं ते सोनं' म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. पण शुद्धिपत्रातही चुका होतात. डेबियननेच २००६मध्ये ओपनएसएसएलमध्ये स्वतःचा एक बदल केला. हेतू होता तपासणी-साधनाची कुरकुर थांबवण्याचा. त्या बदलाने किल्ल्या बनवताना लागणारा यादृच्छिकपणा जवळजवळ नाहीसा झाला आणि किल्ल्या मोजक्या शक्यतांमधूनच तयार होऊ लागल्या. म्हणजे कुणीही सगळ्या शक्यता करून बघू शकेल इतक्या कमी. हे लक्षात यायला मे २००८ उजाडावा लागला, आणि तोवर तो बदल स्टेबलमध्येही पोचला होता.

डिसेंबर २०२३चं उदाहरण तर बॅकपोर्टच्या वर्मावर बोट ठेवतं. कर्नलच्या ६.१ या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या शाखेत एक दुरुस्ती नव्या कर्नलमधून आणून बसवली गेली. ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती, तो बदल मात्र मागेच राहिला. ६.१.६४ या कर्नलवर ईएक्सटी४ या फाइल-प्रणालीतला डेटा खराब होऊ शकतो असं निघालं, आणि तो कर्नल नेमका डेबियन १२.३ या डागडुजीच्या आवृत्तीत निघाला होता. डेबियनने १२.३ थांबवली, लोकांना अपडेट करू नका म्हणून सांगितलं आणि १० डिसेंबरला थेट १२.४ काढली. एका नोंदीतलं वाक्य दुरुस्त करून जुन्या कोशात चिकटवावं आणि ते वाक्य ज्या शेजारच्या परिच्छेदाचा हवाला देतं, तो परिच्छेद जुन्या कोशात नसावा, तसा हा प्रकार. अशा चुका क्वचित होतात, पण स्टेबलच्या पद्धतीतच त्यांची बीजं आहेत. हे मान्य करूनच स्टेबल निवडावी.

त्रास रोज थोडा, की एकदाच पोतंभर?

माझ्या मते निवडीचा खरा प्रश्न हा आहे. बदल टळत नाही. तो कधी आणि किती अंगावर घ्यायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

रोलिंगमध्ये आज पाच पॅकेजेस बदलली, उद्या वीस. काही बिघडलं तर संशयित मोजके असतात. स्टेबलमध्ये दोन वर्षं शांतता असते आणि मग एके दिवशी हजारो पॅकेजेस एकदम बदलतात. पण तो दिवस तुम्ही निवडलेला असतो. बॅकअप घेतलेला असतो, सुट्टी असते, प्रकाशनाच्या टिपांमध्ये कुठे काय मोडतं हे लिहून ठेवलेलं असतं. रोलिंगमध्ये बिघाडाचा दिवस तुमच्या सवडीने येत नाही. ऑगस्ट २०२२मध्ये आर्चवर ग्रब या बूट-लोडरचा, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नलला जागं करणाऱ्या प्रोग्रामचा, नवा अवतार आला आणि नेहमीसारखा अपडेट करून यंत्र बंद केलेल्या काहींच्या यंत्राने पुढच्या वेळी सुरूच व्हायला नकार दिला. दुरुस्ती अवघड नव्हती. पण ती पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून करायची होती, आणि सकाळी दहाला कुणाला काही सादर करायचं असेल तर 'अवघड नव्हती' याला फारसा अर्थ राहत नाही.

रोलिंग घेणाऱ्यांची सगळ्यांत मोठी चूक मी स्वतः करून बसलो आहे. एका रोलिंग डिस्ट्रोवरचं (नाव कशाला घ्या, दोष माझाच) यंत्र चार महिने कपाटात पडून होतं. बाहेर काढलं, एकच प्रोग्राम हवा होता, तेवढाच बसवला. पूर्ण अपडेट नंतर करू म्हटलं. त्या प्रोग्रामने एक नवी सामायिक लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) ओढून आणली, आणि जुन्या लायब्ररीच्या आधारावर चालणारे बाकीचे प्रोग्राम एकामागून एक बसले. शेवटी पॅकेज बसवणारं साधनच चालेना. विहिरीत पडल्यावर दोर वर राहिला, तसं झालं. सुट्या पानांच्या फाइलीत एकच नवं पान लावलं आणि त्यातले पृष्ठसंदर्भ जुन्या पानांशी जुळेनात, असा तो घोटाळा. आर्चच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे की अर्धवट अपडेटला पाठिंबा नाही. रोलिंगमध्ये अपडेट करायचा तर सगळ्यांचा, आणि नियमित.

टंबलवीडने यावर चांगला तोडगा काढला आहे. रोज येणारा पॅकेजचा गठ्ठा आधी ओपनक्यूए नावाच्या यंत्रणेतून जातो. ती माणसासारखी सिस्टीम बसवून, खिडक्या उघडून, पडद्यावर अपेक्षित तेच दिसतंय का ते तपासते. आणि अपडेटच्या आधी फाइल-प्रणालीचं छायाचित्र घेऊन ठेवलं जातं. बिघडलं तर सुरू होतानाच्या यादीतून कालचं छायाचित्र निवडायचं, की कालची सिस्टीम परत. रोलिंग घ्यायचीच असेल आणि हात अजून बसलेला नसेल, तर ही सोय असलेलीच घ्यावी असं मी सांगेन.

यंत्राचं वय विचारात घ्या

अगदी नवा लॅपटॉप आणि जुना कर्नल यांची सोयरीक जमत नाही. हार्डवेअर चालवणारे ड्रायव्हर लिनक्समध्ये बहुतेक करून कर्नलच्या आतच असतात. त्यामुळे कर्नल गोठल्यानंतर बाजारात आलेली वाय-फाय चिप किंवा ग्राफिक्स कार्ड त्याला ओळखीचंच नसतं. अशा वेळी ताज्या आवृत्तीची बाजू भक्कम होते. मधला उपायही आहे: डेबियन स्टेबलवर बॅकपोर्ट्सच्या (इथे स्टेबलसाठी बांधलेल्या नव्या आवृत्त्यांच्या) साठ्यातून नवा कर्नल घेता येतो, आणि उबुंटूच्या एलटीएसमध्ये, म्हणजे दीर्घ आधाराच्या आवृत्तीत, नव्या हार्डवेअरसाठी ठरावीक काळाने नवा कर्नल मिळत राहतो.

उलट बाजूने, फार जुन्या यंत्राला नवी आवृत्ती दारातूनच परतवते. डेबियन १३पासून ३२-बिट पीसीसाठी ना कर्नल मिळतो ना इन्स्टॉलर. आर्चने तो आधार २०१७मध्येच सोडला. विंडोज १०वरून येणाऱ्या बहुतेकांची यंत्रं ६४-बिट असतात, त्यांना याची झळ नाही. पाच-सहा वर्षांच्या यंत्रासाठी तर स्टेबल अगदी मापाची. तिचे ड्रायव्हर केव्हाच मुरलेले असतात.

पाया जुना, वरचं ताजं

'पण मला एका प्रोग्रामची तरी नवी आवृत्ती हवीच' अशी ज्यांची अडचण, त्यांना आता सगळी सिस्टीम बदलायची गरज राहिलेली नाही. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या पद्धतींत प्रोग्राम आपल्याला लागणारं बहुतेक सामान स्वतःबरोबर घेऊन येतो आणि खालच्या पायाला धक्का लावत नाही. प्रोग्रामरांना कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, हवी ती ताजी साधनं ठेवता येतात. ब्राउझरपुरता तर डेबियनही हट्ट सोडतो: फायरफॉक्सच्या दीर्घ आधाराच्या मालिकेची नवी आवृत्ती स्टेबलमध्येही यथावकाश येते, कारण ब्राउझरमध्ये एकेक दुरुस्ती मागे नेऊन बसवणं माणसांच्या आवाक्यात राहिलेलं नाही.

फ्लॅटपॅक-स्नॅप जागा जास्त खातात ही तक्रार खरी आहे. पण स्टेबलमध्ये सिडचा साठा जोडून एकच पॅकेज ओढायचं, हा जो उद्योग लोक करतात त्यापेक्षा हे शतपटीने बरं. त्या खिचडीला डेबियनच्या वर्तुळात फ्रँकनडेबियन म्हणतात. अशी सिस्टीम ना धड स्टेबल राहते ना धड सिड, आणि बिघडल्यावर तिच्यासारखी दुसरी कुठे नसल्यामुळे कुणाचीच मदत मिळत नाही.

हमी किती दिवसांची?

डाउनलोड करण्याआधी एवढं मात्र बघाच, कारण आधार संपलेली आवृत्ती स्थिरही नसते आणि ताजीही नसते. उबुंटूची एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं आधार असतो. क्रमांकातच वर्ष-महिना असतो, २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. मधल्या सहामाही आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. फेडोराची आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि सुमारे तेरा महिने चालते. डेबियन स्टेबलला तीन वर्षं नेहमीचा आधार आणि त्यापुढे दोन वर्षं दीर्घ आधार.

हमी ही शेवटी माणसांनी दिलेली असते, हेही ध्यानात असावं. सेंटओएस ८ या सर्व्हरवर लोकप्रिय असलेल्या डिस्ट्रोला २०२९पर्यंत आधार मिळेल असं धरून लोकांनी सर्व्हर उभे केले होते. डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झालं की तो २०२१अखेर संपेल. त्यातून अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे दोन पर्याय जन्माला आले. मुक्त स्रोत असल्यामुळे दुसऱ्यांना तोच कोड घेऊन पुढे चालता आलं खरं, पण धावपळ व्हायची ती झालीच.

मग घ्यायचं काय?

संगणक हे तुमच्या कामाचं साधन असेल, म्हणजे लिहिणं, हिशेब, अभ्यास, ब्राउझर, तर डेबियन स्टेबल किंवा उबुंटूची एलटीएस. आई-वडिलांच्या यंत्रावर तर दुसरं काही टाकूच नका. बटण जागचं हललं की फोन तुम्हालाच येणार आहे. सर्व्हरलाही तेच. नव्याकोऱ्या हार्डवेअरसाठी, किंवा खेळ आणि ग्राफिक्सच्या ताज्या ड्रायव्हरसाठी फेडोरा हा मला सगळ्यांत समतोल वाटतो: सहा महिन्यांनी नवा होतो, पण रोज हलत नाही. आर्च किंवा टंबलवीड त्यांच्यासाठी, ज्यांना बिघाड शोधण्यात रस आहे आणि ज्यांच्याकडे काम अडू नये म्हणून दुसरं यंत्र आहे. सिड आणि फेडोराची रॉहाइड ही घडवणाऱ्यांची कार्यशाळा. तिथे पायात चप्पल घालूनच जावं.

सगळेच मागे राहिले तर?

हा आक्षेप मात्र माझ्याच सल्ल्यावर उलटतो. पुढच्यास ठेच आणि मागचा शहाणा हे ठीक, पण पुढे कुणी गेलंच नाही तर ठेच लागणार कुणाला? स्टेबलची सगळी शांतता सिड आणि रॉहाइड वापरणाऱ्यांच्या दुखऱ्या अंगठ्यांवर उभी आहे.

मार्च २०२४मध्ये हे फार जवळून दिसलं. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंता सिडवर वेगाच्या चाचण्या घेत होते. दूरच्या यंत्रात शिरायला वापरतात तो एसएसएच त्यांना जरा जास्तच मेहनत करताना दिसला. लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. मागोवा घेत ते एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या छोट्याशा साधनापाशी पोचले. जिया टॅन या नावाने दोन-अडीच वर्षं विश्वास कमावत आलेल्या कुणीतरी त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला होता. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी ते जाहीर केलं. तोवर ती आवृत्ती सिडमध्ये, टेस्टिंगमध्ये, टंबलवीडमध्ये आणि रॉहाइडमध्ये पोचली होती. उबुंटू २४.०४ येऊ घातली होती. तिची बीटा आठवडाभर पुढे ढकलून पॅकेजेस नव्याने बांधावी लागली. डेबियन स्टेबलमध्ये ५.४.१ होती. तिच्या वापरकर्त्यांना त्या दिवशी काहीही करावं लागलं नाही.

सिडवाल्यांसाठी डेबियनने घाईने जुना, चांगला कोड परत आणला. पण पॅकेज बसवणारी साधनं आपणहून मागच्या क्रमांकाकडे जात नाहीत. म्हणून आत ५.४.५ असलेल्या त्या पॅकेजला क्रमांक द्यावा लागला '५.६.१+रिअली५.४.५': दिसायला ५.६.१, खरं तर ५.४.५.